नवं प्रेम, रोजची प्रार्थना आणि 'प्रभूने मला सांगितलं' हे वाक्य

कोवळं_ऊन

ख्रिस्ती घरात, मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये), तरुण संघात वाढलेली मुलं-मुली प्रेमात पडली की घरचे काय म्हणतील ही भीती असतेच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: "ही प्रभूची इच्छा आहे का?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. मी तो रोज विचारते. माझा आक्षेप आहे तो त्याचं उत्तर दुसऱ्याच्या हातात कोंबण्याच्या सवयीला. "मी प्रार्थना केली आणि प्रभूने मला सांगितलं की तू माझीच आहेस" हे वाक्य मला एकदा ऐकवलं गेलं आहे. ऐकवणारा मुलगा वाईट नव्हता, मनापासून बोलत होता. पण त्या वाक्यानंतर मला बोलायला जागाच उरली नाही. त्याला 'नाही' म्हणायचं म्हणजे देवालाच 'नाही' म्हणायचं, असा त्याचा अर्थ होत होता. मी तरीही नाही म्हटलं. नंतर कितीतरी रात्री झोप लागली नाही, आणि गटातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी "देवाच्या योजनेला पाठ फिरवलीस" असंही ऐकवलं.

आता मी पुन्हा प्रेमात आहे, आणि या वेळी खूप आनंदात आहे. म्हणून हा धागा.

त्याने विचारलं तेव्हा त्याचे शब्द जवळपास असे होते: "मी याबद्दल प्रार्थना करतोय. मला तू आवडतेस एवढं मला नक्की कळलंय. पुढचं उत्तर तुझं आहे, आणि ते नाही असलं तरी आपण रविवारी एकमेकांशी नीट बोलू." मी विचार करायला वेळ मागितला. त्या काळात त्याने एकदाही विषय काढला नाही. माझ्या दृष्टीने त्याच्या विश्वासाचा तो सगळ्यात मोठा पुरावा होता.

देव खूण देऊन जोडीदार दाखवतो असं म्हणणारे नेहमी बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढतात. धन्याच्या मुलासाठी बायको शोधायला निघालेला अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी प्रार्थना करतो, जी मुलगी मला पाणी देईल आणि उंटांनाही पाजीन म्हणेल तीच नेमलेली असू दे. रिबका येते, नेमकं तसंच म्हणते. पुढे तिचे घरचेही म्हणतात की ही गोष्ट परमेश्वराकडून झाली आहे. इथे बहुतेक जण पुस्तक मिटतात. पण अध्याय अजून संपलेला नसतो. सकाळी सेवक निघायची घाई करतो, घरचे म्हणतात थोडे दिवस राहू दे, आणि मग ठरतं की मुलीला बोलावून तिलाच विचारू. ५८ व्या वचनात तिला विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणते, जाते. प्रश्न लगेच निघण्याचा आहे हे खरं. तरी ११ व्या शतकातले यहुदी भाष्यकार राशी याच जागी नोंदवतात की स्त्रीचं लग्न तिच्या संमतीशिवाय लावू नये, हे इथून शिकायचं. खूण मिळाली, घरच्यांनी मान डोलावली, दागिने दिले गेले, आणि इतकं होऊनही तिला विचारलं गेलं!

आता रोजच्या जगण्याबद्दल, कारण माझं खरं कुतूहल तिथे आहे. नवं प्रेम दिवसाची घडी विस्कटून टाकतं. रात्री उशिरापर्यंत फोन, मग सकाळचं वाचन राहतं. कामाच्या पाळ्या बदलत असतात, त्यात एखादा रविवार जातो, आणि उरलेला मोकळा वेळ देवाला द्यायचा की त्याला, अशी ओढाताण सुरू होते. उपासनेत तो चार रांगा पुढे बसलेला असला की माझं अर्धं लक्ष त्याच्या मानेवरच्या तिळाकडे जातं. हे पाप आहे असं मला वाटत नाही. पण मन इतकं भरून गेलेलं असताना प्रार्थना कशी करायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आमच्यात आणखी एक फरक आहे. मी वाढले त्या मंडळीत प्रार्थना म्हणजे डोळे मिटून सुचेल ते बोलणं. त्याच्याकडे छापलेलं प्रार्थनापुस्तक आहे, रंगीत फितींच्या खुणा घातलेलं. रात्री तो त्यातून बायबलमधलं एक स्तोत्र आणि शिमोनाचं गीत वाचतो, लूक २ मधलं, 'प्रभो, आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देत आहेस' ते. फोनवर पहिल्यांदा एकत्र प्रार्थना केली तेव्हा मी बोलत राहिले आणि पलीकडे नुसती शांतता. मला वाटलं फोन कट झाला. तो फक्त आमेनची वाट बघत होता. मग त्याने १२१ वं स्तोत्र वाचलं आणि मला पहिल्यांदा जाणवलं की दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले शब्द आपल्या मनातलं इतकं नेमकं बोलू शकतात.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः प्रेमाच्या सुरुवातीच्या काळात विश्वासाचं रोजचं गणित कसं बसवलंत, ते.

सावळी_संध्या

अगदी अगदी. ते वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, आणि मी 'हो' म्हटलं होतं. आवडायचा म्हणून नाही, भीतीने. नातं मोडल्यावर तो म्हणाला, "आता प्रभू म्हणतोय की नको." म्हणजे आत येतानाही प्रभू, बाहेर जातानाही प्रभू, आणि त्याने स्वतः काहीच ठरवलं नाही! त्यानंतर बराच काळ मला बायबल उघडवत नव्हतं. माणसाने दुखावलं तर माणसावर राग धरता येतो, इथे राग कुणावर धरायचा तेच कळत नव्हतं.

हळूहळू सावरले. एका मैत्रिणीने फार काही न बोलता मला फक्त स्तोत्रं वाचायला लावली, त्यातही तक्रारीची. १३ वं, ८८ वं. ८८ व्याच्या शेवटी तर अंधारच आहे, समेट नाही. देवापुढे असंही बोलता येतं हे कळलं तेव्हा जीवात जीव आला.

जुनी_वाट

लेख आवडला. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, मुलं तुमच्या वयाकडे झुकली आहेत. तेव्हा थोडी वेगळी बाजू मांडतो.

तरुण मंडळी 'प्रभूने सांगितलं' हे सरसकट मोडीत काढायला लागली तर मला काळजी वाटते. देव मार्ग दाखवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि माझ्या आयुष्यात मी तो अनुभवला आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात एका दमात दोन गोष्टी सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सगळ्याची पारख करा. आपण कधी पहिलं विसरतो, कधी दुसरं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमेची सभा पत्र लिहिते त्यातली शब्दरचना बघा, 'पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले'. त्यातला 'आम्हाला' मला फार महत्त्वाचा वाटतो. खूप वादविवाद झाल्यावर, सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर ते हे लिहितात.

लग्नाच्या बाबतीत तो 'आम्ही' म्हणजे किमान दोघं. एकालाच ऐकू आलं असेल तर थांबावं. खरंच देवाकडून असेल तर दुसऱ्यालाही ऐकू येईल, त्यासाठी ढकलावं लागत नाही.

कोवळं_ऊन

@जुनी_वाट, दादा, हे फार नेमकं सांगितलंत. 'आम्हाला' या शब्दाकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मार्गदर्शन मिळतच नाही असं माझंही म्हणणं नाही. फक्त ज्याला मिळालं त्याने ते आपल्यापाशी ठेवावं आणि समोरच्याला साधा प्रश्न विचारावा.

@सावळी_संध्या, ८८ व्या स्तोत्राबद्दल लिहिलंस त्यासाठी मिठी.

उनाड_पाऊस

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतोय. एक प्रामाणिक प्रश्न. बाहेरून बघताना असं वाटतं की तुमच्याकडे प्रेम, शरीर, आकर्षण या सगळ्याकडे संशयाने बघतात. बायबलमध्ये प्रेमात पडण्याबद्दल चांगलं काही आहे का? चुकीचं बोललो असेन तर सांगा.

कोवळं_ऊन

@उनाड_पाऊस, मुळीच चुकीचं नाही. बायबलच्या मधोमध गीतरत्न नावाचं आठ अध्यायांचं पुस्तक आहे, आणि ते पहिल्या ओळीपासून प्रेमकविता आहे. पहिला आवाज तिचा आहे, आणि ती सरळ चुंबन मागते. केस, डोळे, दात, मान, सगळ्याचं वर्णन आहे. ती रात्री त्याला शोधत शहरभर फिरते. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांनी शतकानुशतकं याचा अर्थ देव आणि त्याची प्रजा यांचं प्रेम असा लावला, आणि तो अर्थही मला प्रिय आहे. पण हे पुस्तक पवित्र शास्त्रात आहे याचाच अर्थ असा की ही भाषा देवासमोर बोलायला लाजिरवाणी नाही.

त्यातच एक ओळ तीनदा येते, २:७, ३:५ आणि ८:४ मध्ये: प्रेमाला त्याची इच्छा होईपर्यंत उठवू नका, जागं करू नका. तरुण संघात ही ओळ आम्हाला नेहमी ताकीद म्हणून ऐकवायचे. मला ती आता वेगळी ऐकू येते. बोलणारी मुलगी स्वतः प्रेमात आकंठ बुडालेली आहे आणि मैत्रिणींना सांगतेय की याची घाई करता येत नाही.

उनाड_पाऊस

धन्यवाद. हे माहीत नव्हतं. वाचून बघतो.

शांत_पाणी

एकत्र प्रार्थनेबद्दल माझं मत थोडं कडू लागेल. मी तरुणांमध्ये काम करते आणि नवीन जोडप्यांना मी सांगते की सुरुवातीला रोज रात्री दोघांनीच प्रार्थना करू नका.

प्रार्थनेत माणूस फार उघडा होतो. जे आपण जिवलग मैत्रिणीलाही सांगत नाही ते देवाला सांगतो, आणि पलीकडे ऐकणारा तो असतो. दोन महिन्यांची ओळख दोन वर्षांची वाटायला लागते. मग पुढे पटत नाही हे दिसत असूनही निघता येत नाही, कारण 'आपण देवासमोर इतकं बोललो आहोत'. आणि नातं तुटलंच तर त्याच्याबरोबर प्रार्थनेची सवयही तुटते, कारण ती एकट्याची उरलेलीच नसते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यात मुलींचं नुकसान जास्त होताना पाहिलं आहे.

एकत्र जेवा, फिरा, भांडा, एकमेकांच्या मित्रांना भेटा. एकमेकांसाठी प्रार्थना जरूर करा, पण आपापल्या खोलीत. मत्तय ६ मध्ये येशूने दार लावून घ्यायला सांगितलं आहे ते उगाच नाही.

रानवेल

@शांत_पाणी, ताई, आदर ठेवून असहमत. आम्ही दोघांनी पहिल्यापासून एकत्र प्रार्थना केली आणि त्यामुळेच मला कळलं की तो रागात असताना देवाशी कसा बोलतो. फिरायला जाऊन हे कळलं नसतं.

शांत_पाणी

@रानवेल, तुमचं टिकलं याचा आनंद आहे. मी ज्यांच्याबरोबर बसते ते बहुतेक तुटलेले असतात, त्यामुळे माझं वजन त्या बाजूला जास्त पडत असेल. तरी सल्ला बदलणार नाही.

फितीवाला

तुमच्या त्या पुस्तकवाल्या मित्राच्या बाजूने दोन शब्द. मी कॅथलिक आहे, माझी होणारी बायको दुसऱ्या संप्रदायातली, बाप्तिस्मा झालेली. वेगवेगळ्या परंपरांतली जोडपी नंतर ज्यात अडकतात ते आधीच माहीत असलेलं बरं.

१९८३ च्या आमच्या धर्मसंहितेप्रमाणे कॅथलिक व्यक्तीने बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर परवानगी लागते. बाप्तिस्माच झालेला नसेल तर नियम जास्त कडक, तिथे सूट घ्यावी लागते, नाहीतर ते लग्न वैध धरत नाहीत. मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावं म्हणून आपल्या परीने शक्य ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक बाजू देते. दुसऱ्या बाजूला या वचनाची कल्पना द्यायची असते, तिच्याकडून वचन घेत नाहीत. आमच्या फादरांनी दोघांना समोर बसवून हे शांतपणे समजावलं, आणि त्या दिवशी आमचं पहिलं खरं भांडण झालं! बरं झालं झालं. तोवर 'दोघंही येशूचेच आहोत, काय फरक पडतो' एवढ्यावरच आम्ही खूष होतो. फरक पडतो. प्रभुभोजनाच्या वेळी ती कॅथलिक नाही म्हणून बाकावर बसून राहते आणि मी पुढे जातो, तेव्हा दर वेळी आत काहीतरी दुखतं.

संमतीबद्दल वर छान लिहिलंय. त्याच संहितेत लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरी कुठलीही सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, असं स्पष्ट आहे. आमच्या लॅटिन परंपरेत तर वधू-वर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात, पुरोहित चर्चच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतो आणि आशीर्वाद देतो.

कोवळं_ऊन

@फितीवाला, बाकावर बसून राहण्याचं वाचून पोटात तुटलं. आमच्यात तसा अडसर नाही, पण बाप्तिस्म्याचा आहे. त्याचा लहानपणी झाला, माझा मी स्वतः कबुली देऊन, पाण्यात बुडून घेतला. माझ्या मंडळीतल्या काहींच्या लेखी त्याचा बाप्तिस्मा झालेलाच नाही. त्याला हे सांगितलं तेव्हा तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "म्हणजे माझ्या आजीने मला हातात धरून जे केलं ते काहीच नव्हतं?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. यावर आम्ही बोलतो आहोत.

पानगळ

मला अशा एका माणसाबद्दल लिहायचंय जो विश्वास ठेवत नव्हता.

तो चांगला होता. माझ्या बायबल वाचण्याची त्याने कधी टर उडवली नाही. मंडळीतून मात्र मला पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं वचन, २ करिंथ ६:१४, ऐकवण्यात आलं, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका, ते. इतक्यांदा, की शेवटी मी ते संपूर्ण प्रकरण नीट वाचून काढलं. त्या परिच्छेदात लग्न हा शब्द नाही. ओघ मूर्ती आणि देवाचं मंदिर यांच्याकडे जातो. उलट लग्नाबद्दल पौल बोलतो ते १ करिंथ ७ मध्ये, आणि तिथे तो आधीच लग्न झालेल्यांना सांगतो की जोडीदार विश्वास ठेवत नसेल आणि नांदायला राजी असेल तर सोडू नका. मात्र त्याच अध्यायाच्या शेवटी विधवेला मोकळीक देताना 'केवळ प्रभूमध्ये' अशी अट आहे, तीही मी वाचली. म्हणजे एका वचनाने कुणाला झोडपता येत नाही, आणि एका वचनाने सुटकाही होत नाही.

आम्ही वेगळे झालो. निर्णय माझा होता आणि कारण वचन नव्हतं. माझी आई वारली तेव्हा तो रात्रभर माझ्याजवळ बसला होता, हात धरून. पुनरुत्थानाच्या आशेबद्दल मी बोलायला लागले की तो प्रेमाने गप्प होत होता. त्या गप्प होण्यात मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं. दुसरी कुणी त्याच्याबरोबर सुखाने राहिली असती. मी नसते राहू शकले. त्याला मी हे असंच सांगितलं, देवाचं नाव मध्ये न घालता. त्याने ऐकून घेतलं.

सावळी_संध्या

@पानगळ, किती सच्चं लिहिलंयस गं.

एकटं_पाखरू

धागा प्रेमाचा आहे, पण एकट्या माणसाचाही आवाज असू द्या. मी तिशी ओलांडली आहे, लग्न केलेलं नाही, कदाचित करणारही नाही. १ करिंथ ७ मध्ये पौल अविवाहित राहण्याला स्पष्ट चांगलं म्हणतो. आमच्या मंडळ्यांमध्ये मात्र अविवाहित माणूस म्हणजे कुणीतरी जुळवून द्यायचं राहून गेलेलं काम. तरुण संघाचे निम्मे उपदेश 'योग्य जोडीदार कसा ओळखावा' यावर असतात. विशीतल्या मुलांना वाटायला लागतं की देवाकडे मागायची गोष्ट एकच आहे.

आणि एक आठवण करून द्यावीशी वाटते. ऑगस्टीन हा चर्चचा केवढा मोठा गुरू. विश्वासात येण्याआधी तो एका स्त्रीबरोबर बरीच वर्षं राहिला, त्यांना मुलगा होता, अदेओदातुस. पुढे त्याचं चांगल्या घरात लग्न ठरलं, त्यात ती अडसर होती, म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवलं. मुलगा त्याच्याकडेच राहिला. दुसऱ्या कुठल्या पुरुषाबरोबर राहणार नाही असं व्रत घेऊन ती गेली. तिच्यापासून तुटताना काळीज फाटून रक्ताळलं असं तो स्वतः लिहितो. पण तिचं नाव लिहीत नाही. आज ते कुणालाच माहीत नाही. आपल्या देवाकडच्या प्रवासात दुसरं माणूस ही पायरी किंवा धोंड नसतं, हे मला त्या नाव नसलेल्या बाईमुळे कळलं. तिचाही देवाशी स्वतंत्र व्यवहार होता.

कोवळं_ऊन

@एकटं_पाखरू, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि त्यालाही वाचून दाखवला. 'तिचाही देवाशी स्वतंत्र व्यवहार होता' हे मला मूळ लेखात म्हणता आलं नव्हतं. 'प्रभूने मला सांगितलं' असं ऐकवणाऱ्या मुलाने नेमकं हेच नाकारलं होतं. माझं देवाशी काय बोलणं चाललंय हे त्याने विचारलंच नाही.

चाफा_हिरवा

शारीरिक जवळिकीबद्दल कुणी बोलत नाहीये, म्हणून मीच विचारते. तुम्ही मर्यादा कशा ठरवल्या?

कोवळं_ऊन

@चाफा_हिरवा, लग्नापर्यंत थांबायचं हे आम्हा दोघांचं मत आहे, आणि ते आम्ही मोठ्याने बोलून ठरवलं. घाबरून नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या लेखी शपथांची मोठी मोहीम सुरू झाली होती. त्याच धर्तीचं कार्ड आमच्या गटातही आलं, मी चौदा-पंधरा वर्षांची असताना सही केली. तेव्हा मला शिकवलं गेलं की मुलाचा मोह ही मुलीची जबाबदारी. कपडे, बसणं, हसणं, सगळं मीच सांभाळायचं. थांबण्यावर माझा आजही विश्वास आहे, पण त्या शिकवणीवर नाही.

आम्ही एवढंच ठरवलं की थांबायचंय असं कुणी एकाने म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही आणि नंतर तोंड पाडायचं नाही. आतापर्यंत दोघांनीही तसं म्हटलं आहे.

जुनी_वाट

इतके सुंदर प्रतिसाद आले आहेत की एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डीट्रिख बोनहोफर, जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधात उभा राहिलेला. जानेवारी १९४३ मध्ये त्याचं मारिया फॉन वेडेमायरशी लग्न ठरलं. ती अठरा वर्षांची, तो छत्तिशीतला. ५ एप्रिलला त्याला अटक झाली. त्यांचं सगळं प्रेम पत्रांत आणि पहाऱ्यातल्या भेटींत झालं. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली, लग्न झालंच नाही.

तुरुंगातून २० मे १९४४ ला मित्राला लिहिलेल्या पत्रात तो संगीताची भाषा वापरतो. अनेक सुरावटी एकत्र चालणाऱ्या रचनेत एक मुख्य सूर खाली स्थिर असतो. देवावरचं प्रेम हा तो मुख्य सूर, आणि बाकीची प्रेमं त्याच्यावर मोकळेपणाने चालणाऱ्या सुरावटी. मुख्य सूर स्पष्ट असेल तर बाकीचे सूर हवे तितके फुलू देत, असं त्याचं म्हणणं, आणि उदाहरण म्हणून तो गीतरत्नच काढतो. हे लिहिणारा माणूस कोठडीत होता आणि त्याची मारिया बाहेर होती, हे लक्षात घेऊन वाचा.

तुमच्या सकाळच्या वाचनाचं आणि रात्रीच्या फोनचं भांडण मला त्यामुळे फार गंभीर वाटत नाही. सकाळचं वाचन तेवढं सोडू नका, अगदी पाच वचनं का होईना.

कोवळं_ऊन

दादा, हे मी पहिल्यांदाच वाचतेय. मनापासून आभार.

आमचं काय ठरलं तेही सांगते, कारण शांत_पाणी ताईंचा सल्ला माझ्या डोक्यातून जात नव्हता. रोज रात्रीची एकत्र प्रार्थना आम्ही बंद केली. रविवारी उपासनेनंतर थोडा वेळ एकत्र, बाकी दिवस आपापलं. त्याला मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाला, थोडं वाटलं, पण तू मला काय सांगतेस आणि देवाला काय सांगतेस यात तुला फरक ठेवता आला पाहिजे. मी आता एक छोटं प्रार्थनापुस्तक घेतलंय, फिती असलेलं. माझी सुचेल तशी प्रार्थना चालूच आहे. पण कामाची पाळी उशिरा संपते त्या रात्री शब्द सुचत नाहीत, तेव्हा ते उघडते. तो मात्र अजून मोठ्याने, मनातलं बोलून प्रार्थना करायला लाजतो. रविवारी दोन वाक्यं बोलला.

दबक्या_पावलांनी

धागा वाचून सदस्य झालो. आमच्या गायनसंघात एक जण आहे, बरेच दिवस मनात आहे. 'प्रभूने सांगितलं' असं म्हणण्याचाच बेत होता, कारण त्याशिवाय विचारायची हिंमत होत नव्हती. आता ते म्हणणार नाही. पण मग काय म्हणू? शनिवारी सरावानंतर विचारावं असं वाटतंय.

कोवळं_ऊन

@दबक्या_पावलांनी, स्वागत! आवडतेस म्हणा, आणि विचार करायला हवा तितका वेळ घे म्हणा. बाकी सजवू नका. प्रार्थना करताय हे सांगावंसं वाटलं तर सांगा, फक्त उत्तर मिळालंय असं सांगू नका. आणि सरावानंतर नको. सगळे आजूबाजूला असतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच रांगेत उभं राहून गायचं असतं, तिला नाही म्हणणं जड जाईल. वेगळा दिवस बघा, जिथून ती हवं तेव्हा उठून घरी जाऊ शकेल.